मुंबईतील चिनी वस्ती

संध्याकाळी नंदुरबार, शहादा किंवा नवापूरच्या बाजारातून जाताना 'चायनीज' अशी पाटी लावलेली हातगाडी तुम्ही नक्कीच पाहिली असेल. मोठ्या आचेवर ठेवलेली काळी कढई, त्यात भराभर फिरणारा झारा आणि लसणाचा खमंग वास! मंचुरियन, नूडल्स, फ्राइड राइस ही नावे आता लहान मुलांनाही पाठ आहेत. पण त्या गाडीवर चिनी माणूस मात्र दिसत नाही. मग हे पदार्थ आपल्याकडे कोणी आणले? ती माणसे आज कोठे आहेत? चला, उत्तर शोधायला मुंबईला जाऊ या.

नंदुरबारहून सुरतमार्गे रेल्वेने मुंबईला जाता येते. तेथे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून हार्बर मार्गाची लोकल पकडली, की पुढचे तिसरे स्थानक डॉकयार्ड रोड. हाच माझगावचा परिसर. जवळच गोदी आहे. गोदी म्हणजे जहाजे थांबण्याची व दुरुस्तीची जागा. जेथे जहाजे येतात, तेथे देशोदेशीची माणसेही येतात. मुंबई आणि चीनमधील कँटन हे बंदर यांच्यात एकोणिसाव्या शतकात मोठा व्यापार चाले. इकडून कापूस आणि अफू जाई, तिकडून चहा आणि रेशीम येई. या जहाजांच्या वाटेने चिनी खलाशी आणि कारागीरही मुंबईत आले. काही जण माझगावात राहिले, तर काहींनी सुखलाजी स्ट्रीटच्या आसपास घरे केली. एखाद्या शहरातील अशा चिनी वस्तीला 'चायना टाउन' म्हणतात.

माझगावात नवाब टँक मार्गावर एक चिनी मंदिर आहे. त्याचे नाव 'सी यूप कून'. चीनच्या दक्षिणेकडील ग्वांगडोंग प्रांतातील चार तालुक्यांच्या प्रदेशाला 'सी यूप' म्हणतात. तेथून आलेल्या लोकांनी १९१९ मध्ये हे मंदिर स्थापन केले. लाल रंग, कंदील, उदबत्त्यांचा वास आणि चिनी अक्षरे यांमुळे आपण क्षणभर मुंबई विसरतो. मंदिर ग्वान गोंग यांचे आहे. ते सुमारे १,८०० वर्षांपूर्वी होऊन गेलेले शूर सेनापती. न्यायाचे आणि इमानाचे प्रतीक म्हणून चिनी लोक त्यांना पूजतात.

चिनी नववर्षाला येथे माणसांची वर्दळ असते. हा सण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान येतो. तुम्हांला प्रश्न पडेल, की ईदप्रमाणे तो सर्व ऋतूंतून का फिरत नाही? हिजरी वर्ष चंद्रावर चालते आणि सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असते. चिनी वर्षातही महिने चंद्राचेच असतात; पण काही वर्षांनी त्यात एक अधिक महिना घालतात. त्यामुळे सण हिवाळ्याच्या अखेरीलाच येतो.

आता जेवणाकडे वळू. माझगावात आज चिनी खानावळींची रांग दिसणार नाही. ती हौस असेल, तर कोलकात्याला जावे. तेथे टिरेटा बाजार आणि टांगरा अशा दोन चिनी वस्त्या आहेत. टिरेटा बाजारात सकाळी रस्त्यावर वाफेवर शिजवलेले पाव आणि करंज्यांसारखे पदार्थ मिळतात. अनोळखी ठिकाणी खाताना पदार्थात काय आहे, ते नम्रपणे विचारावे. चिनी जेवणात डुकराचे मांसही असते. आपण ते का खात नाही, हे सांगण्यात लाजू नये. आणि दुसरा ते खातो म्हणून नाकही मुरडू नये. चीनमध्ये मुसलमानही पुष्कळ आहेत. तेथील लांझू शहराच्या हाताने ओढून केलेल्या नूडल्स प्रसिद्ध आहेत. त्या बनवण्यात हुई मुसलमानांचा मोठा वाटा आहे.

आपल्या आवडत्या मंचुरियनची गोष्ट तर मुंबईचीच आहे. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येकडील प्रदेश. पण हा पदार्थ तेथला नाही. नेल्सन वांग हे कोलकात्यात जन्मलेले चिनी वंशाचे आचारी मुंबईत आले. १९७५ मध्ये एका क्लबात त्यांना काही नवे करायला सांगण्यात आले. त्यांनी आपल्याकडील आले, लसूण आणि हिरवी मिरची घेतली. मात्र गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला. तळलेली कोंबडी त्या रश्श्यात टाकली आणि चिकन मंचुरियन तयार झाले! पुढे कोणी त्यात कोबी वापरला, कोणी पनीर.

अशा पदार्थाला 'खरा' म्हणायचे की 'खोटा'? आपल्या नंदुरबारच्या मिरचीचे उदाहरण घ्या. हंगामात पथाऱ्यांवर लाल मिरचीचा गालिचा पसरतो. आपण तिला आपलीच समजतो. पण मिरची मूळची अमेरिकेतील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ती भारतात आणली. आपला 'चहा' आणि उर्दूतील 'चाय' हे शब्दही चिनी आहेत. लोणच्याची बरणी तर आपण 'चिनी मातीची'च म्हणतो. दूरची वस्तू रुजली, की ती घरचीच होते.

वस्तूंना आपण घरचे मानले. माणसांना मात्र नेहमीच मानले असे नाही. १९६२ मध्ये भारत आणि चीन यांच्यात युद्ध झाले. तेव्हा चिनी वंशाच्या सुमारे ३,००० लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत ठेवण्यात आले. त्यांत म्हातारी माणसे होती, लहान मुले होती. कित्येकांचा जन्म भारतातच झाला होता. त्यांनी कोणताही गुन्हा केला नव्हता. काहींची सुटका १९६७ पर्यंत झाली नाही. इतर शहरांतील चिनी लोकांवरही बंधने आली. शेजारी संशयाने पाहू लागले. दातांचे दवाखाने, चपलांची दुकाने, खानावळी बंद करून अनेक कुटुंबे परदेशी निघून गेली. मुंबईची चिनी वस्तीही ओसरली. आज तेथे थोडीच घरे उरली आहेत.

म्हणून मित्रांनो, मुंबईला गेलात तर माझगावचे ते मंदिर बाहेरून तरी पाहा. आत जायचे तर शांतपणे आणि परवानगी घेऊन जा. तेथे भेटणारी माणसे पाहुणी नाहीत. ती पिढ्यान् पिढ्यांची मुंबईकर आहेत. देशांची भांडणे होतात आणि मिटतातही. पण त्यासाठी शेजाऱ्याला शत्रू ठरवले, तर घर सोडून गेलेली माणसे परत येत नाहीत. पुढच्या वेळी गाडीवर मंचुरियन खाताना चवीबरोबर ती चव देणाऱ्यांचीही आठवण ठेवा.

शब्दार्थ
आच – चुलीतील जाळाची उष्णता. वर्दळ – ये-जा. पथारी – मिरची वाळवण्याची मोकळी जागा. ओसरणे – कमी होणे. नाक मुरडणे – नापसंती दाखवणे.

स्वाध्याय
१. चिनी लोक मुंबईत कसे आले?
२. चिनी नववर्ष ठरावीक ऋतूतच का येते?
३. 'दूरची वस्तू रुजली, की ती घरचीच होते' हे दोन उदाहरणांनी स्पष्ट करा.
४. तुमच्या गावात बाहेरून येऊन स्थायिक झालेल्या एखाद्या कुटुंबाशी बोला व आठ ओळी लिहा.