दीड लिटर डिझेलएवढी ऊर्जा, पाऊण टन माल

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. टाटांनी जून २०२५मध्ये आणलेल्या ‘एस प्रो’ या छोट्या मालवाहू गाडीच्या विजेवरच्या आवृत्तीची बॅटरी आहे १४.४ युनिटांची. म्हणजे बॅटरी काठोकाठ भरली तरी तिच्यात जेमतेम दीड लिटर डिझेलएवढी ऊर्जा मावते. आणि या गाडीची क्षमता ७५० किलो मालाची, प्रमाणित पल्ला १५५ किलोमीटरचा! दीड लिटरमध्ये डिझेलची कोणती गाडी एवढं अंतर कापेल?

इंजिन इंधनातली बरीचशी ऊर्जा उष्णता म्हणून वाया घालवतं. विजेची मोटर मिळालेल्या विजेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास चाकं फिरवायला लावते. ब्रेक दाबला की तीच मोटर जनित्र होते आणि थोडी वीज बॅटरीत परत पाठवते. ग्वाल्हेरच्या दाल बाजारात किंवा महाराज बाड्याच्या कोंडीत डिझेलची गाडी उभ्या उभ्या धूर सोडते, तेव्हा ही मोटर अगदी स्वस्थ असते. लष्कर, मुरार, हजिरा अशा छोट्या फेऱ्यांसाठी ती जणू घडवलेलीच आहे.

स्वस्ताईचं रहस्यही त्या लहान बॅटरीतच आहे, कारण विजेच्या गाडीत सर्वांत महाग भाग तोच. अमेरिकेत २०२५मध्ये ‘स्लेट’ नावाचा साधा ट्रक जाहीर झाला: रंग नाही, रेडिओ नाही, काचा हाताने फिरवायच्या, बाकी हवं ते मालकाने नंतर जोडायचं. तरीही त्याची बॅटरी ५२.७ युनिटांची, म्हणजे एस प्रोच्या साडेतीन पट. ‘वीस हजार डॉलरांच्या आत’ हे त्याचं आश्वासन सरकारी सवलतीवर उभं होतं; ती सवलत त्याच वर्षी ३० सप्टेंबरला संपली.

गाडी आपल्या धंद्याप्रमाणे घडवणं आपल्याकडे नवं नाही. केबिन आणि सांगाडा घ्यायचा, मागे हौदा, बंद पेटी किंवा शीतपेटी बसवायची. पण इथे हिशेब कडक आहे. पेटीचं वजन त्याच ७५० किलोंतून वजा होतं आणि शीतपेटी त्याच बॅटरीतून वीज ओढू लागली, तर पल्ला घटतो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मुळे मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत.

ग्वाल्हेरचा उन्हाळाही मोजायला हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि उष्णतेने प्रत्येक बॅटरी लवकर म्हातारी होते. लिथियम-आयर्न-फॉस्फेट बॅटऱ्या उष्णता त्यातल्या त्यात बऱ्या सोसतात. तरीही भर दुपारी तापलेली गाडी लगेच चार्जिंगला लावण्यापेक्षा रात्रीच्या गारव्यात लावणं शहाणपणाचं.

आता पैशांचं बघू. बाजारात आली तेव्हा पेट्रोलची एस प्रो ३ लाख ९९ हजारांपासून होती, विजेची साडेसहा लाखांपासून. फरक अडीच लाखांचा. विजेमुळे किलोमीटरमागे ४ रुपये वाचतात असं धरलं, तर तो सुमारे ६२ हजार किलोमीटरांनंतर भरून निघतो. रोज ८० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस चालणारी गाडी हे अंतर अडीच-पावणेतीन वर्षांत कापेल. रोज ३० किलोमीटर चालणारीला सात वर्षं लागतील.

ग्वाल्हेरमध्येच संस्थानिक माधवराव शिंद्यांच्या काळात दोन फुटी रुळांची रेल्वे उभी राहिली. रूळ अरुंद म्हणून खर्च कमी, आणि म्हणूनच वेग आणि भारही कमी. तरी ती गाडी २०२०पर्यंत धावली, कारण तिची तडजोड तिच्या कामाला साजेशी होती.

विजेच्या छोट्या ट्रकचंही तेच. ठरलेल्या मार्गावर रोज साठ-ऐंशी किलोमीटर धावणाऱ्याने तो जरूर घ्यावा. ज्याला अवचित झाशीसारखं लांबचं भाडं येतं आणि ज्याच्याकडे दुसरी गाडी नाही, त्याने थांबावं. सही करण्यापूर्वी आठवडाभर वहीत रोजचे किलोमीटर आणि वजन लिहून काढा. निर्णय त्या वहीवरून घ्या.