पद्मिनीला मोठं चाक लावताना

आमच्या घरची प्रीमियर पद्मिनी १९८४ सालची. यवतमाळहून अमरावतीकडे जाणारा रस्ता नेरमधून जातो, आणि त्या रस्त्यावर बाबांनी तिला आयुष्यभर फिरवली. गेल्या दिवाळीत पुतण्या पुण्याहून आला तो फोनमध्ये सतरा इंची अलॉयचा फोटो घेऊनच. "काका, जुन्या गाडीला हे शोभेल." मी नाही म्हटलं नाही. जुनी गाडी लोकांनी वळून पाहावी असं मलाही वाटतं. पण चाक म्हणजे दागिना नव्हे. गाडी ज्यावर उभी राहते, वळते आणि थांबते, ते चाक. म्हणून आधी मोजायचं ठरवलं. पुढच्या दोन महिन्यांत जे हाताला लागलं ते इथे क्रमाने सांगतो.

आधी गाडीची ओळख. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कारखान्यात १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली, तीच पुढे पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसी, ताकद चाळीस-बेचाळीस अश्वशक्तीच्या आसपास, वजन ९०० किलोच्या आतबाहेर. ब्रेक चारही चाकांना ड्रमचे, मागे कमानपाटे, आणि स्टिअरिंग निव्वळ हाताच्या जोरावर फिरणारं. चाक चौदा इंची, टायर ५.२०-१४. या आकड्यातला ५.२० म्हणजे टायरची रुंदी, इंचात. मिलिमीटरमध्ये ती सुमारे १३२ भरते. आजच्या छोट्या गाड्यांचे टायरसुद्धा याहून रुंद असतात. पद्मिनीचं सगळं गणित या अरुंद आणि उंच टायरवर बेतलेलं आहे. हे एकदा ध्यानात आलं की पुढचं सगळं समजायला सोपं जातं.

आता नव्या टायरचा आकडा वाचू. १७५/६५ आर१५. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा टायरच्या भिंतीची उंची, पण ती रुंदीच्या टक्केवारीत सांगितलेली, म्हणजे १७५ चे ६५ टक्के. 'आर' म्हणजे रेडियल, आणि १५ हा डिस्कचा, म्हणजे टायर ज्यावर चढतो त्या धातूच्या चाकाचा, व्यास इंचात. गंमत अशी की एकाच टायरवर मिलिमीटर, टक्के आणि इंच अशी तिन्ही मापं एकत्र नांदतात. म्हणूनच दुकानात गोंधळ उडतो.

बंडीचं उदाहरण घ्या. तुंबा मोठा केला तर आरे आखूड करावे लागतात, नाहीतर धावेचा घेर वाढतो आणि बंडी उंच होते. मोटारीचंही तसंच. डिस्क एका इंचाने मोठी घेतली तर टायरची वरची आणि खालची भिंत मिळून तेवढी कमी करायची, म्हणजे बाहेरचा पूर्ण व्यास होता तेवढाच राहतो. मोठ्या चाकाचा पहिला नियम हाच.

जुन्या ५.२०-१४ चा पूर्ण व्यास साधारण ६१० मिमी. आता १७५/६५ आर१५ चं गणित करू. १७५ चे ६५ टक्के म्हणजे ११३.७५. भिंत वर एक आणि खाली एक, म्हणून दुप्पट, २२७.५. त्यात पंधरा इंच म्हणजे ३८१ मिमी मिळवले की ६०८.५. जुन्या टायरशी जवळजवळ तंतोतंत. पुतण्याच्या फोटोतला टायर होता २०५/५० आर१७. त्याचा व्यास येतो ६३६.८, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या जवळपास जास्त. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी खरी ६२-६३ ने धावत असेल. हे एक वेळ चालवून घेता येईल. पण बेचाळीस अश्वशक्तीच्या इंजिनाला प्रत्येक गिअर साडेचार टक्क्यांनी जड होतो. चढावर चार माणसं बसवून तिसऱ्या गिअरात जाणारी गाडी दुसरा मागू लागते. ब्रेकचंही तेच: ड्रम तेवढाच, पण त्याने थांबवायचं चाक मोठं आणि बहुधा जडही.

जडपणाबद्दल एक सांगतो. अलॉय म्हणजे हलकं, असं आपण धरून चालतो. अॅल्युमिनियम हलकं खरं, पण रुंद सतरा इंची अलॉय आणि त्यावरचा रुंद टायर मिळून जुन्या अरुंद लोखंडी डिस्क-टायरपेक्षा सहज जड भरू शकतात. दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. आम्ही जुनं आणि नवं चाक टायरसकट धान्याच्या वजनकाट्यावर ठेवलं. पाच मिनिटांचं काम, पण निर्णय तिथेच अर्धा होतो. फिरणाऱ्या चाकाचं वजन, त्यातही कडेचं वजन, इंजिनाला आणि ब्रेकला सगळ्यात जास्त जाणवतं.

व्यासानंतर येते रुंदी, आणि तिथेच बहुतेक गाड्या घासतात. डिस्कची रुंदी इंचात सांगतात: ४जे, ५जे, ५.५जे. चार इंची डिस्कच्या जागी साडेपाच इंची घेतली, तर दीड इंच म्हणजे ३८ मिमी वाढले. चाकाची मधली रेघ जागेवरच राहिली तर आत १९ आणि बाहेर १९. ती रेघ कुठे राहते, ते ऑफसेट ठरवतो. डिस्क हबवर जिथे टेकते तो पृष्ठभाग मधल्या रेघेच्या किती बाहेर आहे, ते हे माप. अलॉयच्या आतल्या बाजूला 'ईटी ३५' असं कोरलेलं दिसेल, म्हणजे ३५ मिमी. आकडा जितका मोठा, तितकं चाक आत जातं. आजच्या पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाड्यांच्या अलॉयचा ईटी पस्तीस-चाळीसच्या घरात असतो. पद्मिनी मागच्या चाकांनी ढकलली जाते, तिची बैठक वेगळी. नव्या गाडीचं अलॉय तिला लावलं की आतली कड कमानपाट्यांच्या किंवा पुढच्या जोडांच्या जवळ सरकते. मग काही जण मध्ये स्पेसर टाकून चाक बाहेर काढतात. बाहेर आलेलं चाक मडगार्डला घासतं, स्टिअरिंग जड करतं आणि बेअरिंगवर तिरपा भार टाकतं. माझं स्पष्ट मत: स्पेसर टाकल्याशिवाय जे अलॉय बसत नाही, ते तुमच्या गाडीसाठी नाही.

आता बोल्ट. पद्मिनीच्या चाकाला चार बोल्ट. समोरासमोरच्या दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे पीसीडी. फियाटच्या घराण्यात ४×९८ हे माप उनो आणि पॅलिओपर्यंत चालत आलं. बाजारात मात्र ४×१०० चा सुकाळ. तरीही आपल्या गाडीवर पट्टी लावूनच खात्री करा, कारण इतक्या वर्षांत हब बदललेला असू शकतो.

इथे आमची चूक झाली. एका दुकानातून जुना अलॉय सेट स्वस्तात आणला. दुकानदार म्हणाला, "बसते." बसलाही. पण तो १०० चा होता. दोन मिलिमीटरचा फरक, म्हणजे प्रत्येक बोल्ट एक मिलिमीटरने बाजूला. पान्याने आवळलं की बोल्ट तिरपा होऊन आत शिरतो आणि हाताला सगळं घट्ट लागतं. नेरच्या आमच्या मेकॅनिकने बोल्ट काढून माझ्या हातावर ठेवला. शंकूसारख्या बैठकीची एकच बाजू चकाकत होती, दुसरी काळीच. म्हणजे निम्मा बोल्टच चाक धरून होता. तो म्हणाला, "चाक बसलं म्हंजे काम झालं नाही भाऊ. ते फिरलं पाहिजे, वळलं पाहिजे, अन् शंभर खड्ड्यांनंतर तिथंच राहिलं पाहिजे." सेट परत गेला.

बोल्टची लांबीही पाहावी लागते. अलॉयची बैठक लोखंडी पत्र्याहून जाड, म्हणून बोल्ट लांब लागतो. बारा मिमी जाडीचा, सव्वा मिमी आट्यांचा बोल्ट असेल तर हबमध्ये किमान आठ-नऊ पूर्ण फेरे गेले पाहिजेत. हाताने पिळत फेरे मोजा. मात्र फार लांब बोल्टही घातक. तो ड्रमच्या आत शिरून ब्रेक शूला किंवा स्प्रिंगला लागू शकतो. बोल्ट लावल्यावर चाक हाताने फिरवून कान द्या. टकटक आली की थांबा. बैठकीचा आकारही तपासा, कारण काही अलॉयना शंकूसारखी लागते, काहींना गोल. आणि अलॉयचं मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर फट भरणारी कडी मापाने करून घ्या, नाहीतर ताशी साठच्या पुढे स्टिअरिंग थरथरेल.

सगळे आकडे जुळले तरी आधी एकच चाक लावून पाहायचं. आमचा उपाय साधा होता: शेतातली काळी माती कणकेसारखी मळून तिचे लिंबाएवढे गोळे मडगार्डच्या आतून आणि स्टिअरिंगच्या जोडांजवळ चिकटवले. मागे दोन भारी माणसं बसवली, डिकीत सोयाबीनचं एक पोतं टाकलं. स्टिअरिंग दोन्हीकडे टोकापर्यंत वळवत गाडी अंगणातल्या उंचवट्यावरून सावकाश पुढे-मागे केली. मग गोळे पाहिले. जिथे टायरच्या गोट्यांचा ठसा उमटला, तिथे ते पुढेमागे घासणार हे नक्की. बाकीच्या ठिकाणी दाबल्या गेलेल्या मातीची जाडी मोजली की फट कळते. मला दहा-बारा मिमीपेक्षा कमी फट मान्य नव्हती, कारण रस्त्यावरचा खड्डा अंगणातल्या उंचवट्यापेक्षा जोरात मारतो. पंक्चर झालेलं मागचं चाक मडगार्डखालून निघतं का, हेही त्याच वेळी बघून घ्या.

टायरच्या भिंतीकडे आपल्या भागात जास्त लक्ष द्यायला हवं. जुन्या टायरची भिंत पावणेतेरा सेंटीमीटरच्या आसपास, १७५/६५ ची साडेअकराला किंचित कमी, आणि त्या सतरा इंची टायरची जेमतेम सव्वादहा. ही भिंत म्हणजे गाडीची पहिली स्प्रिंग. पावसाळ्यानंतर नेरच्या आसपासच्या गावरस्त्यांवर डांबराच्या कडा सुरीसारख्या उभ्या असतात. तिथे ठेंगणी भिंत डिस्कच्या कडेपर्यंत दबते. लोखंडी डिस्क वाकते आणि हातोड्याने सरळ होते. अलॉयला मात्र तडा जाऊ शकतो, आणि वरून वेल्डिंग केलेल्या अलॉयवर घरच्या माणसांना बसवू नये. म्हणून पद्मिनीला पंधरा इंच ही मी हद्द मानतो. सोळा आणि सतरा इंच तिच्यासाठी नाहीत.

रेडियलचा फायदा मात्र खरा आहे. मिशेलिनने १९४६ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना. तिच्यात आतले धागे टायरच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, आणि नक्षीखाली पोलादी पट्टा असतो. त्यामुळे भिंत लवचीक राहते आणि जमिनीवरची पकड सपाट. पावसात फरक लगेच जाणवतो. मात्र एका आखावर एक रेडियल आणि एक जुन्या रचनेचा टायर असं कधीच करू नका. टायर घेताना भिंतीवरचा भारनिर्देशांकही वाचा: ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो, पद्मिनीला भरपूर. भिंतीवरच चार आकडी तारीखही असते. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात पडून म्हातारा झालेला टायर नक्षी कोरी असली तरी घेऊ नका.

लावल्यावर बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट करावंच लागतं. बोल्ट समोरासमोरचे जोडीने आवळा आणि पन्नास-साठ किलोमीटर फिरून पुन्हा तपासा, कारण अलॉय पहिल्या फेरीत थोडं बसतं. स्टेपनी जुनी लोखंडीच ठेवली असेल तर तिच्यासोबत जुने चार आखूड बोल्ट कापडी पिशवीत बांधून ठेवा. अलॉयचे लांब बोल्ट पातळ लोखंडी डिस्कला लावले तर ड्रममध्ये शिरतील, आणि हे कळेल ते रात्री, रस्त्यावर.

कायद्याचंही पाहायला हवं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच ठासून सांगितलं. पूर्ण व्यास तोच आणि चाक मडगार्डच्या आत, एवढं सांभाळलं तरी यवतमाळच्या परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे आधी विचारा. मडगार्ड कापायचा विचार तर मनातही आणू नका. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदता येतं, पण ती मूळ रूपात असावी लागते. सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. आता उरल्यात त्या आपल्यासारख्यांच्या अंगणातल्याच.

आमच्या गाडीला शेवटी पंधरा इंची, ४×९८ चे, साडेपाच इंच रुंदीचे अलॉय लागले. पुतण्या खूश आहे, आणि स्टिअरिंग आईलाही वळवता येतं. जुन्या पाचही डिस्क घासून, लाल ऑक्साईड लावून माळ्यावर ठेवल्यात. तुम्हीही अलॉय लावाल तर जुन्या डिस्क भंगारात देऊ नका. आमची पद्मिनी २०३४ मध्ये पन्नास वर्षांची होईल, तेव्हा त्या लागतील.