‘शिकता शिकता कमवा’ म्हणणाऱ्याला आधी हे विचारा
परदेशी नर्सिंग योजना : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अलिबागच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, पनवेल-कामोठ्याच्या खासगी इस्पितळांत, मुरूड-श्रीवर्धनच्या सरकारी दवाखान्यांत काम करणाऱ्या तरुण सिस्टरांच्या मोबाइलवर एकाच धाटणीच्या जाहिराती येतात. परदेशात शिका, शिकता शिकता कमवा आणि तिथेच कायम व्हा. आधी फक्त नोंदणीचे पैसे भरा.

रायगडच्या किनाऱ्यावरून माणसे पिढ्यान्‌पिढ्या बाहेर गेली आहेत. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडच्या कितीतरी घरांचा संसार आखातातल्या पैशावर उभा राहिला. नवगाव-रेवदंड्याच्या टापूतली मराठी बोलणारी बेने इस्रायल कुटुंबे इस्रायलमध्ये जाऊन स्थिरावली. इथे ‘मुलीला बाहेर पाठवा’ म्हटले की कोणी दचकत नाही, उलट चटकन विश्वास बसतो. बाहेर जाण्यात काही गैर नाही. आपण विद्यार्थी म्हणून जातोय, मदतनीस म्हणून की नोंदणीकृत परिचारिका म्हणून, हे न विचारता सही करणे मात्र महागात पडते. या तिन्हींचे हक्क, पगार आणि भवितव्य पूर्णपणे वेगळे आहे.

गैरसमज १ : स्टुडंट व्हिसा हा परदेशात नर्स होण्याचा सोपा रस्ता आहे.

वस्तुस्थिती : स्टुडंट व्हिसावर गेलेली व्यक्ती त्या देशाच्या लेखी फक्त विद्यार्थी असते. नर्स म्हणून काम करायचे तर तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, आणि ती कोणत्याही पदव्युत्तर पदवीबरोबर आपोआप मिळत नाही. ‘हेल्थ अँड सोशल केअर मॅनेजमेंट’सारख्या अभ्यासक्रमांची जाहिरात नर्सेसना डोळ्यांसमोर ठेवून होते, पण ते व्यवस्थापनाचे अभ्यासक्रम आहेत. त्यांतून ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलची नोंदणी मिळत नाही.

या नोंदणीचा खरा मार्ग वेगळा आहे आणि त्यासाठी तिथल्या विद्यापीठाची फी भरावी लागत नाही. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंद असलेली परिचारिका आयईएलटीएस किंवा ओईटी ही इंग्रजीची परीक्षा देते, संगणकावरची चाचणी भारतातच देते आणि ‘ऑस्की’ ही प्रात्यक्षिक परीक्षा ब्रिटनमध्ये देते. या वाटेने जाणाऱ्यांची भरती २०२४ पासून बरीच घटली आहे, हेही खरे. पण दार अरुंद झाले म्हणून बाजूच्या भिंतीला दार म्हणून विकणाऱ्याच्या हाती पैसे देऊ नयेत.

गैरसमज २ : अर्धवेळ कामातून फी भागते आणि कर्जही फिटते.

वस्तुस्थिती : कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करा. ब्रिटनमध्ये पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येते. २०२५-२६ चा किमान वेतनदर तासाला १२.२१ पौंड होता. वीस तासांचे झाले २४४ पौंड, म्हणजे महिन्याला साधारण १,०५८ पौंड. आणि लंडनबाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ राहण्या-जेवण्यासाठी महिन्याला १,१०० पौंडांहून अधिक रक्कम आधीच बँकेत दाखवावी, अशी ब्रिटिश सरकारचीच अट आहे. सगळे तास मिळाले, एकही दिवस आजारपण आले नाही, तरी कमाई पोटापाण्यालाच पुरत नाही. फी आणि घरच्या कर्जाचा हप्ता मग कुठून येणार?

ऑस्ट्रेलियात ही मर्यादा पंधरवड्याला ४८ तास आहे, कॅनडात कॉलेजबाहेरच्या कामाला आठवड्याला २४ तास. मर्यादा ओलांडून रोखीत काम केले तर व्हिसा रद्द होऊ शकतो आणि हे मालकाला चांगले ठाऊक असते. मजुरी बुडवली तरी मुलगी तक्रार करणार नाही, हे तो धरूनच चालतो. नारळ-सुपारीची वाडी गहाण टाकून किंवा आईचे दागिने ठेवून फी भरलेली असेल, तर तिला परतायचीही सोय उरत नाही.

गैरसमज ३ : जर्मनीला जायचे तर सगळ्यांनी ‘आउसबिल्डुंग’च करावे.

वस्तुस्थिती : आउसबिल्डुंग म्हणजे काम करत शिकण्याचे तीन वर्षांचे प्रशिक्षण. ही योजना अस्सल आहे आणि बारावी झालेल्या मुलामुलींसाठी चांगलीही आहे. त्यात विद्यावेतन मिळते. सार्वजनिक रुग्णालयांत पहिल्याच वर्षी ते महिन्याला १,३०० युरोंच्या वर असते. पण जी आधीच जीएनएम किंवा बीएस्सी नर्स आहे, तिने पुन्हा पहिल्या इयत्तेत बसायची गरज नसते. तिच्यासाठी पदवीला मान्यता मिळवण्याची प्रक्रिया आहे. जर्मन कार्यालय तिचा अभ्यासक्रम तपासते, त्यात काय कमी आहे ते लेखी कळवते, आणि ती उणीव एका परीक्षेने किंवा काही महिन्यांच्या पूरक प्रशिक्षणाने भरून काढता येते. त्या काळात ती सहायक म्हणून पगारावर काम करते आणि मान्यता मिळाली की पूर्ण परिचारिका होते. हे न सांगता अनुभवी नर्सला तीन वर्षांच्या प्रशिक्षणात ढकलणारा एजंट तिची शिकलेली वर्षे वाया घालवतो.

भाषेला मात्र पळवाट नाही. पूर्ण परिचारिकेच्या मान्यतेसाठी साधारणपणे बी-२ पातळीची जर्मन लागते आणि शून्यातून तिथे पोहोचायला वर्ष-दीड वर्ष नेटाने अभ्यास करावा लागतो. ‘तीन महिन्यांत बी-२’ म्हणणारा खोटे बोलतो. मांडव्याहून लाँचने गेटवेला उतरले की काळा घोड्याचे मॅक्समुल्लर भवन चालत जाण्याच्या अंतरावर आहे. वर्ग कुठेही लावा, परीक्षा अशा मान्यताप्राप्त केंद्रावरच द्या.

पगाराच्या आकड्यावरही भुलू नका. करारावर महिन्याला ३,००० युरो लिहिले असतील, तर कर आणि सामाजिक विम्याचे हप्ते वजा जाता अविवाहित परिचारिकेच्या हाती साधारण २,१०० युरो पडतात. घरभाडे त्यातूनच द्यायचे असते.

गैरसमज ४ : केअरगिव्हर, केअर वर्कर आणि नर्स एकच, आधी जाऊ, मग बघू.

वस्तुस्थिती : वृद्धांना आंघोळ घालणे, भरवणे, उठवणे-बसवणे हे सन्मानाचे काम आहे. पण ते परिचारिकेच्या नोंदणीवर चालत नाही आणि त्यातून नोंदणी मिळतही नाही. जपानशी जानेवारी २०२१ मध्ये झालेल्या करारात शुश्रूषा-सेवेचे क्षेत्र आहे, मात्र तिथे परिचारिका व्हायचे तर जपानी भाषेतली राष्ट्रीय परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. इस्रायलशी मे २०२३ मध्ये ४२,००० कामगारांचा करार झाला. त्यांतल्या ८,००० जागा शुश्रूषेच्या. ते काम बहुतांशी घरात राहून वृद्धांची काळजी घेण्याचे आहे. वॉर्डातल्या सिस्टरचा अनुभव तिथे कागदोपत्री जमा होत नाही.

ब्रिटनचे उदाहरण तर डोळे उघडणारे आहे. मार्च २०२४ पासून केअर वर्करना कुटुंब सोबत नेता येत नाही आणि जुलै २०२५ पासून या कामासाठी परदेशातून नवी भरतीच बंद झाली. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात तिथल्या सरकारने या क्षेत्रातल्या ४७० हून अधिक मालकांचे प्रायोजक परवाने रद्द केले. त्यांच्याशी निगडित कामगारांची संख्या ३९,००० हून अधिक होती. परवाना गेला मालकाचा, आणि नवा मालक शोधायला साधारण ६० दिवसांची मुदत मिळाली कामगाराला.

एएनएम झालेल्या मुलींनी विशेष जपावे. दोन वर्षांचा हा अभ्यासक्रम आपल्या उपकेंद्रांचा कणा आहे, पण ब्रिटन किंवा जर्मनीत तो सामान्य परिचारिकेच्या बरोबरीचा धरला जात नाही. एएनएमला ‘स्टाफ नर्स’ची हमी देणाऱ्यापासून दूर राहा.

गैरसमज ५ : एजंट ओळखीचा आहे, आपल्या गावचा आहे, पैसे घेईल पण काम करून देईल.

वस्तुस्थिती : परदेशी नोकरीसाठी भरती करायला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारचा परवाना लागतो. तो ज्या संस्थेच्या नावावर असतो तिलाच लागू होतो. गावोगाव फिरणाऱ्या बिनपरवाना उपएजंटाला तो नसतो. परवानाधारकालाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये, एवढेच सेवाशुल्क घेता येते, तेही पावती देऊन.

खरी मेख पुढे आहे. हा कायदा नोकरीच्या भरतीला लागू होतो. ‘शिक्षण आणि काम’ अशी जोडयोजना विकणारा स्वतःला शिक्षण सल्लागार म्हणवतो, व्हिसा विद्यार्थ्याचा काढतो आणि या परवान्याच्या, या शुल्कमर्यादेच्या कक्षेबाहेर राहतो. जाहिरातीत नोकरी आणि पावतीवर ‘कन्सल्टन्सी’ असेल, तर तिथेच थांबा.

पैशाचा लोभ कुठवर जातो ते २०१५ साली कोचीत दिसले. कुवेतच्या आरोग्य मंत्रालयासाठीच्या भरतीत १९,५०० रुपयांऐवजी प्रत्येक नर्सकडून १९ लाख ५० हजार रुपये उकळल्याच्या आरोपावरून सीबीआयने गुन्हा नोंदवला, आणि उत्प्रवासींच्या रक्षणासाठी नेमलेला अधिकारीच त्यात आरोपी झाला.

गैरसमज ६ : पासपोर्टवर ईसीआरचा (उत्प्रवास तपासणी आवश्यक असल्याचा) शिक्का नाही, म्हणजे आखातात जायला परवानगी नको.

वस्तुस्थिती : इतर पदवीधरांसाठी हे बरोबर आहे, नर्सेससाठी नाही. सौदी, कुवेत, कतार, ओमान, संयुक्त अरब अमिराती अशा १८ देशांत नोकरीला जाणाऱ्या परिचारिकांना २०१५ पासून उत्प्रवास मंजुरी सक्तीची आहे, पासपोर्ट कोणताही असो. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देऊ’ हा सल्ला म्हणजे ही मंजुरी टाळण्याची युक्ती. ती ऐकून गेलेल्या मुलीची नोंद सरकारकडे नर्स म्हणून नसते. २०१४ च्या जुलैत इराकमधल्या तिक्रितमध्ये अडकलेल्या ४६ भारतीय परिचारिकांना सुखरूप परत आणले गेले. संकटात सरकारला आधी आपला माणूस कुठे आहे हे माहीत असावे लागते.

गैरसमज ७ : महाराष्ट्र सरकारचा जर्मनीशी करार झालाय, म्हणजे ही योजना सरकारीच.

वस्तुस्थिती : फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीतले बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा सामंजस्य करार झाला, हे खरे. पण करार म्हणजे नेमणूकपत्र नव्हे, आणि त्याचे कात्रण काचेवर चिकटवणारा प्रत्येक क्लास त्या योजनेचा भाग नसतो. केरळच्या ‘नोर्का रूट्स’ने २०२१ मध्ये जर्मन सरकारी संस्थांशी ‘ट्रिपल विन’ करार केला. त्यात भरतीचा खर्च परिचारिकेवर टाकला जात नाही. जर्मनीत सचोटीने भरती करणाऱ्या संस्थांना एक सरकारी दर्जाचिन्हही मिळते आणि त्याची पहिली अटच अशी की भरतीचे पैसे मालकाने द्यायचे. ‘सरकारी’ म्हणून लाखांत रक्कम मागितली गेली, तर त्या शब्दावर विश्वास ठेवू नका.

गैरसमज ८ : पासपोर्ट आणि मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेणे ही रीतच आहे, बाँड मोडला तर तुरुंग.

वस्तुस्थिती : १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता आहे, तो अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही एजंटला किंवा मालकाला नाही. मूळ गुणपत्रिका आणि कौन्सिलचे प्रमाणपत्र दाखवा, साक्षांकित प्रती द्या, मूळ कागद हातातून सोडू नका.

बाँडचे कलम सहीआधी वाचायचे असते. किती वर्षे, सोडल्यास किती रक्कम, ती वर्षागणिक कमी होते का, मालकाने नोकरीवरून काढले तरी भरावी लागते का, ही चार उत्तरे कागदावर हवीत. अवाच्या सवा दंडाला न्यायालये मान्यता देतातच असे नाही. अमेरिकेत फिलिपिनो परिचारिकांच्या करारातला २५,००० डॉलरचा दंड न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २०१९ मध्ये बेकायदा ठरवला. पण त्यासाठी त्यांना कोर्टाची पायरी चढावी लागली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये.

सहीपूर्वी एवढे कराच

परवाना ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळावर स्वतः तपासा. मुंबईतल्या उत्प्रवासी संरक्षक कार्यालयात चौकशी करा. शंका असेल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या १८०० ११ ३०९० या निःशुल्क क्रमांकावर फोन करा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर एक तासही न दवडता १९३० वर कळवा. आणि एजंटकडून तीन गोष्टी लेखी घ्या : व्हिसाचा नेमका प्रकार, अभ्यासक्रम संपल्यावर परिचारिकेची नोंदणी मिळणार की नाही, आणि एकूण किती पैसे कोण भरणार.

आई-वडिलांनाही एक विनंती. मुलगी ‘थांबा, मला कागद वाचू द्या’ म्हणाली तर तिला घाई करू नका. ‘जागा भरत आल्या’ म्हणणारा एजंट उद्याही असतो, परवाही असतो. जगाला चांगल्या नर्सेसची गरज आहे आणि ती एवढ्यात संपणारी नाही. शिकलेल्या, नोंदणी असलेल्या परिचारिकेने परदेशी जावे ते परिचारिका म्हणूनच. जी योजना याची लेखी हमी देत नाही, तिच्यावर सही करू नका.