संरक्षणखर्च ‘वळविण्या’चा प्रश्न : एक अर्थविवेचन

लष्करावर होणारा खर्च कमी करून तो शिक्षण, आरोग्य, घरबांधणी इत्यादी लोकोपयोगी कार्यांकडे वळवावा, हा विचार आपल्याकडे नवीन नाही. परंतु त्यावरील वादात तत्त्वांइतकाच शब्दांचाही घोटाळा झालेला दिसतो. त्याचा उलगडा करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

‘लष्करी खर्च’ या प्रयोगात खर्च करणारी यंत्रणा सांगितली जाते. ‘संरक्षणखर्च’ या प्रयोगात खर्चाचे प्रयोजन सांगितले जाते, आणि ते साधले जातेच असेही नकळत गृहीत धरले जाते. पहिला शब्द हिशेब मागतो, तर दुसरा हिशेबाआधीच निकाल देतो. म्हणून संरक्षण नेमके कोणाचे, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे.

नामदार गोखले यांनी तो विचारला होता. १८९७ साली वेल्बी आयोगापुढे लंडनमध्ये त्यांची साक्ष झाली. मुंबईचे दिनशा वाच्छा हेही साक्षीदार होते. सैन्य असूच नये असे गोखल्यांचे म्हणणे नव्हते. हिंदी करदात्याच्या पैशाने पोसलेले सैन्य साम्राज्याच्या कामासाठी हिंदुस्थानाबाहेर वापरले जाते, तर त्याचा भार इंग्लंडनेही उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९०२ च्या अंदाजपत्रकावरील भाषणात त्यांनी दाखवून दिले की, दुष्काळाने गांजलेल्या देशातील सरकारी शिल्लक ही समृद्धीची खूण नसून जड करांची खूण आहे. पुढे मिठावरील मणी अडीच रुपयांचा कर १९०३ साली दोन रुपयांवर व १९०७ साली एक रुपयावर आला. परंतु सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे त्यांचे १९११ चे विधेयक १९१२ साली फेटाळले गेले. एका बाजूचा भार हलका झाला म्हणून दुसऱ्या बाजूची गरज आपोआप भागत नाही, हा धडा येथे मिळतो.

स्वातंत्र्यानंतर ‘कोणाचे संरक्षण’ या प्रश्नाचे उत्तर बदलले. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर मुंबईहून यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले, त्या काळात खर्चवाढीस व्यापक लोकमान्यता लाभली. तथापि प्रयोजन मान्य झाले म्हणून प्रत्येक रुपया योग्य ठरतो, असे मात्र नव्हे.

आता ‘वळविणे’ हे क्रियापद पाहू. त्याला ‘काय’, ‘कोठून’ आणि ‘कोठे’ या तिन्हींची अपेक्षा असते. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६ लक्ष ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यांतील सुमारे १ लक्ष ६१ हजार कोटी निवृत्तिवेतनाचे, तर १ लक्ष ८० हजार कोटी भांडवली खर्चाचे होते. निवृत्तिवेतन हे देणे आहे, ते वळविता येत नाही. उरलेल्या रकमेतही वेतनाचा भाग मोठा असतो. तेव्हा वादाचे खरे क्षेत्र दिसते त्याहून बरेच लहान आहे.

‘कोठून’ याचे उत्तर मध्य मुंबईकरास जवळचे आहे. लालबाग-परळच्या आग्नेयेस असलेली माझगाव गोदी १९६० साली सरकारने ताब्यात घेतली. तेथे बांधलेली ‘निलगिरी’ ही युद्धनौका १९७२ साली नौदलात दाखल झाली. मागणी तोडली तर अशा गोदीतील कामगाराच्या चुलीवर परिणाम होतो. पण याच गोदीने समुद्रातील तेल-उत्खननासाठी फलाटही बांधले आहेत. म्हणजे कारागिरी वळविता येते. मात्र त्यासाठी दुसरे गिऱ्हाईक आधी उभे असावे लागते. १९८२ च्या संपानंतर गिरणगावाने पर्यायाविना काम गेल्याची किंमत मोजली आहे.

‘कोठे’ हा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित राहतो. परळचे के. ई. एम. रुग्णालय महापालिकेचे आहे. सार्वजनिक आरोग्य हा राज्यसूचीतील विषय आहे. संरक्षण मात्र केंद्राचे. दिल्लीत वाचलेला रुपया परळच्या खाटेपर्यंत पोहोचण्यास वित्त आयोग, केंद्रीय योजना वा अनुदान यांपैकी एखादी वाट असावीच लागते. पाणी वळवावयाचे तर पाट आधी खणावा लागतो.

सारांश, ‘सैन्य की शाळा’ हा प्रश्न सभेत टाळ्या मिळविण्यास पुरेसा असला, तरी विचारास अपुरा आहे. कोणती रक्कम, कोणाच्या कामातून आणि कोणत्या मार्गाने, हे सांगणारी मागणीच अर्थपूर्ण होय. अशी मागणी करणे म्हणजे राष्ट्रद्रोह नव्हे, आणि तिची छाननी करणे म्हणजे युद्धखोरीही नव्हे. गोखल्यांनी विधिमंडळात हिशेब मागितला तो परक्या सरकारकडे. स्वकीय सरकारकडे तो मागण्याचा आपला अधिकार त्याहून अधिक आहे, आणि तो नेमक्या शब्दांत मागण्याची जबाबदारीही.