दिवस गेलेल्या सिस्टरने लस घ्यावी का?

अहिल्यानगरच्या सावेडीत सकाळी आठच्या सुमारास ड्युटी बदलते. रात्रपाळीच्या सिस्टर रिकामा डबा पिशवीत टाकून स्कूटीला किल्ली लावतात, दिवसपाळीच्या आत शिरतात. प्रोफेसर कॉलनी चौक, पाइपलाइन रोड, मनमाड रस्ता, सगळीकडे हॉस्पिटलं, लॅब आणि सोनोग्राफी सेंटरची दाटी. त्यांत काम करणाऱ्या कितीतरी मुली पंचविशी-तिशीतल्या. लग्न, पहिलं बाळ आणि नोकरी हे तिन्ही एकाच वेळी चालू असतं.

दिवसभर दुसऱ्यांना इंजेक्शन देणाऱ्या या मुलीला स्वतःला दिवस गेले की घरी एकच सूर ऐकू येतो, ‘आता नऊ महिने अंगात काही टोचून घेऊ नकोस.’ सासूबाई म्हणतात, आईसुद्धा म्हणते, आणि मनातून तिलाही ते पटत असतं. त्यामागे माया आहे, म्हणून तो सूर मोडून काढणं अवघड जातं. पण वॉर्डात, लेबर रूममध्ये किंवा लॅबमध्ये रोज उभी राहणाऱ्या बाईला हा सल्ला जसाच्या तसा लागू होत नाही.

‘लस घेतली नाही, म्हणजे धोका टळला’

हा सगळ्यात खोल रुजलेला गैरसमज. तो किती महागात पडतो ते २०२१ साली दिसलं. १६ जानेवारीला कोरोनाची लस सुरू झाली, पहिला मान आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता. पण गरोदर आणि स्तनदा मातांना त्यातून वगळलं होतं. कारण साधं होतं. लसीच्या चाचण्यांमध्ये गरोदर स्त्रियांना घेतलंच नव्हतं, त्यामुळे माहिती हाती नव्हती. सरकार म्हणत होतं ‘अजून माहीत नाही’, लोकांनी ऐकलं ‘घातक आहे’. मे महिन्यात स्तनदा मातांना परवानगी मिळाली आणि गरोदर स्त्रियांना थेट २ जुलैला. मधले साडेपाच महिने, म्हणजे दुसरी लाट अख्खी, पोटुशा नर्सनी लसीविना काढली.

त्याच काळात मुंबईच्या नायर रुग्णालयातल्या गरोदर आणि बाळंतीण कोरोनाबाधितांची दोन लाटांमधली तुलना पुढे आली. पहिल्या लाटेतल्या १,१४३ आणि दुसऱ्या लाटेतल्या ३८७ स्त्रियांची ती माहिती होती. लक्षणं असलेल्यांचं प्रमाण १४.२ टक्क्यांवरून २८.७ टक्क्यांवर गेलं होतं आणि मृत्यूचं प्रमाण ०.७ टक्क्यांवरून ५.७ टक्क्यांवर. म्हणजे लस न घेणं हाही एक निर्णयच होता आणि त्यालाही त्याचा स्वतःचा धोका होता. पुढे जगभरातल्या लाखो गरोदर स्त्रियांच्या नोंदी जमल्या. त्यांत या लसीमुळे गर्भपात वाढल्याचं दिसलं नाही.

गर्भपाताची भीती मी हलकी मानत नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. दिवस राहिल्याचं कळल्यावरही शंभरातल्या साधारण दहा ते पंधरा गर्भधारणा आपोआप संपतात, लस घेवो न घेवो. त्यांतल्या कुणी आठवडाभर आधी लस घेतलेली असली की दोष लसीवर येतो आणि ती गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते.

‘टीटी घेतलं, म्हणजे सगळं झालं’

‘टीटी’ (धनुर्वाताची लस) हा शब्द आपल्याकडे गरोदरपणातल्या लसीला समानार्थीच झाला आहे, आणि त्याला तसं कारणही आहे. नवजात बाळाचा धनुर्वात एके काळी खेडोपाडी घरं उजाड करत होता. विळ्याने किंवा जुन्या ब्लेडने नाळ कापायची, बेंबीला राख लावायची आणि काही दिवसांत बाळाचा जबडा आवळून ते दूध ओढेनासं व्हायचं. आपल्याच जिल्ह्यात, जामखेडला, १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केलं. फारसं शिक्षण नसलेल्या गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. स्वच्छ बाळंतपण आणि धनुर्वाताची लस या दोन गोष्टी त्या बायकांनी उंबऱ्याउंबऱ्याला पोचवल्या. २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बालकांचा धनुर्वात, सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून, हटल्याचं जाहीर झालं. गरोदर बाईला लस देणं सुरक्षित आहे का, याचं उत्तर आपल्या आज्या-आयांच्या दंडांवर कधीच लिहिलं गेलं आहे.

२०१९ पासून टीटीच्या जागी टीडी आलं. त्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचंही संरक्षण आहे. दिवस गेल्याचं कळताच पहिली मात्रा, चार आठवड्यांनी दुसरी. मागच्या तीन वर्षांत आधीच्या गरोदरपणात दोन्ही झाल्या असतील तर एक बूस्टर पुरतो. ‘पहिल्या तीन महिन्यांत कुठलीच लस चालत नाही’ हा समज इथेच गळून पडतो.

पण टीडीमध्ये डांग्या खोकल्याचं संरक्षण नाही. बाळाची स्वतःची या आजाराविरुद्धची पहिली लस सहाव्या आठवड्यात. तोवर ते उघडं. मुलांच्या ओपीडीत काम करणारी आई खोकला घरी घेऊन येऊ शकते, आणि तान्ह्या बाळाला डांग्या खोकल्यात श्वास थांबण्याचा धोका असतो. म्हणून टीडॅप, म्हणजे टीडीला डांग्या खोकल्याची जोड दिलेली लस. ते २७ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान घेतलं की आईच्या शरीरात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. ती काळानुसार ओसरतात, म्हणून दर गरोदरपणात नव्याने घ्यावं लागतं. सरकारी कार्यक्रमात ते नाही, खिशातून घ्यावं लागतं. टीडीच्या एका मात्रेऐवजी ते घेता येतं, त्यामुळे दोन्हींचं वेळापत्रक डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावं.

‘इतकी वर्षं नोकरी केली, मला काही होत नाही’

कावीळ ब च्या बाबतीत हे वाक्य फार ऐकू येतं. संरक्षण नसलेल्या व्यक्तीला बाधित रक्ताची सुई टोचली तर कावीळ ब होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के, एचआयव्हीची ०.३ टक्के. भीती मात्र आपण उलट्या क्रमाने बाळगतो. जन्माच्या वेळी आईकडून ही कावीळ झालेल्या बाळांपैकी ९० टक्क्यांपर्यंत बाळांमध्ये ती कायमची मुक्काम करते.

आज तिशीत असलेल्या बहुतेक सिस्टरना ही लस बाळपणी मिळालेली नाही, कारण सरकारी कार्यक्रमात ती २००२ नंतर टप्प्याटप्प्याने आली. नर्सिंगला असताना दोन मात्रा घेतल्या आणि तिसरी राहिली, असं सर्रास होतं. ही लस निर्जीव आहे, गरोदरपणात घेता येते, राहिलेली मात्रा पूर्ण करता येते. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासावं, १० किंवा जास्त आलं की निश्चिंत. आणि सुई टोचलीच तर बोट दाबत बसू नये. साबण-पाण्याने धुवावं, इन्चार्जला त्याच शिफ्टमध्ये सांगावं. पोटात बाळ आहे म्हणून पुढचे उपचार टाळायचे नसतात. कावीळ ब चं इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांत आणि एचआयव्हीची औषधं ७२ तासांच्या आत, दोन्ही गरोदरपणात देतात.

‘एक चालते तर सगळ्याच चालतात’

हा उलट्या टोकाचा गैरसमज, तोही तितकाच चुकीचा. गोवर-रुबेला, एमएमआर आणि कांजिण्यांच्या लसींत जिवंत पण क्षीण केलेले विषाणू असतात. त्या गरोदरपणात देत नाहीत. आधी घ्यायच्या आणि नंतर महिनाभर थांबायचं. सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये रुबेला आणि बाळांचा जन्मजात मोतीबिंदू यांचा संबंध दाखवला. पहिल्या बारा आठवड्यांत आईला रुबेला झाला तर बाळाला डोळे, कान, हृदय यांपैकी कशात तरी व्यंग येण्याची शक्यता फार मोठी असते.

महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम २७ नोव्हेंबर २०१८ ला सुरू झाली, ९ महिने ते १५ वर्षं वयाच्या मुलांसाठी. त्या वेळी जी मुलगी सतरा-अठरा वर्षांची होती ती मोहिमेतून सुटली. आज तीच मुलगी स्टाफ नर्स आहे. म्हणून लग्न ठरलं की, निदान मूल हवं असं ठरलं की, रुबेला आणि कांजिण्यांची आयजीजी तपासणी करून घ्यावी, असं मी जिला भेटेन तिला सांगते. दिवस गेल्यावर कळलं की संरक्षण नाही, तर कांजिण्यांच्या पेशंटची ड्युटी बदलून मागावी. त्यात लाजण्यासारखं काही नाही. संपर्क झालाच तर पुरळ यायची वाट न बघता डॉक्टरांना गाठावं, दहा दिवसांच्या आत प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं.

दिवस गेल्याचं कळायच्या आधीच चुकून एमएमआर घेतलं गेलं, तर? घाबरून गर्भपात करू नये. अशा शेकडो स्त्रियांच्या नोंदी आहेत, त्या लसीमुळे बाळात रुबेलाचं व्यंग आल्याचं आढळलेलं नाही.

फ्लूची टोचायची लस निर्जीव, कुठल्याही महिन्यात चालते, फक्त नाकात फवारायची नको. २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर राज्य सरकारने ती गरोदर स्त्रियांना मोफत द्यायला सुरुवात केली होती. रात्रपाळीहून येताना कुत्रा चावला, तर रेबीजच्या लसीला गरोदरपणाची आडकाठी कधीच नाही.

पहिल्या तपासणीला जाताना आपण कोणत्या वॉर्डात काम करतो, कोणती मात्रा कधी झाली, टायटर किती आलं होतं, हे कागदावर लिहून न्यावं. स्त्रीरोगतज्ज्ञाला आपण नर्स आहोत हे माहीत असतं, पण टीबीचे पेशंट बघतो की डायलिसिसचे, हे सांगितल्याशिवाय कळत नाही. आणि रुबेलाचं संरक्षण नसल्याचं या नऊ महिन्यांत कळलं असेल, तर बाळंतपणानंतर डिस्चार्जच्या आधीच ती मात्रा मागून घ्यावी. अंगावर पाजत असतानाही ती चालते.