सुधारणेचे साधन आणि सुधारणेची पूर्वअट : शिकागो, मुंबई व हिप्परगा

यंत्रयुगाच्या आगमनाने समाजात उद्भवणारे प्रश्न बहुतेक देशांत सारखेच असतात. ते सोडविण्याची साधने मात्र सारखी नसतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत उदयास आलेल्या सुधारणा-चळवळींचा अभ्यास करताना हा भेद पुष्कळदा दृष्टीआड होतो. तो स्पष्ट होण्यासाठी त्या चळवळींशेजारी मुंबई शहर आणि धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्हा ही दोन उदाहरणे ठेवून पाहणे उपयुक्त ठरेल.

अमेरिकेत लोहमार्गांनी शेतकऱ्याला दूरच्या बाजारपेठेशी जोडले व त्याचबरोबर त्याला रेल्वे-कंपन्यांच्या दरांच्या अधीनही केले. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या 'ग्रेंज' या शेतकरी संघटनेच्या प्रभावाने अनेक घटक राज्यांनी दरनियंत्रणाचे कायदे केले. १८७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मन विरुद्ध इलिनॉय या खटल्यात अशा नियंत्रणाचे तत्त्व मान्य केले आणि १८८७ मध्ये आंतरराज्य वाणिज्य कायदा आला. शहरांतही हाच क्रम दिसतो. जेन ॲडम्स व एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये शिकागोच्या कामगार वस्तीत 'हल हाऊस' ही संस्था काढली. तेथे वास्तव्य करणाऱ्या फ्लॉरेन्स केली यांनी कारखान्यांतील स्त्रिया व मुले यांच्या स्थितीची पाहणी केली. या प्रयत्नांतून इलिनॉय राज्याने १८९३ मध्ये कारखाना कायदा केला व केली यांचीच मुख्य निरीक्षक म्हणून नेमणूक झाली. दोन वर्षांनी न्यायालयाने त्यातील स्त्रियांच्या आठ तासांच्या मर्यादेचे कलम रद्द ठरविले. तथापि चळवळ थांबली नाही. गाऱ्हाणे, पाहणी, प्रचार, मतदान आणि कायदा ही साखळी तेथे अस्तित्वात होती. सुधारकांचे काम ती कार्यक्षम करण्याचे होते.

मुंबईत ही साखळी अपुरी होती, पण अगदीच नव्हती असे नाही. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने कामगार वस्त्यांत रात्रीचे वर्ग, वाचनालये व औषधोपचार यांची सोय केली. हे कार्य हल हाऊसच्या कार्याशी जवळचे नाते सांगते. पुढे जोशी मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी झाले. कामगार संघांना कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून त्यांनी तेथे १९२१ पासून धरलेल्या आग्रहाचे फळ १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्यात दिसले. परकीय सत्तेखालीही, संकुचित का होईना, एक वाट उपलब्ध होती.

निजामाच्या राज्यातील उस्मानाबाद जिल्ह्याची स्थिती याहून वेगळी होती. बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. लातूर हे १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होते. या लोहमार्गाने कापसाचा हा मुलूख मोठ्या बाजारपेठेशी जोडला गेला. म्हणजे औद्योगिक युग जिल्ह्याच्या दाराशी आले होते. परंतु लोकांस जबाबदार असलेले विधिमंडळ संस्थानात नव्हते. शिवाय विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकातील 'गश्ती क्रमांक ५३' अन्वये सार्वजनिक सभेसही सरकारची पूर्वपरवानगी लागत असे. जेथे गाऱ्हाणे मांडण्यासाठी चार माणसे एकत्र जमणेच कठीण, तेथे कायद्याची मागणी कोणापुढे करावयाची?

याच जिल्ह्यात हिप्परगा (आजचा लोहारा तालुका) येथे व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा सुरू केली होती. ना. म. जोशी यांचे सहायक म्हणून कामगार चळवळीचा अनुभव घेतलेले व्यंकटेश खेडगीकर १९२९ मध्ये तेथे आले. १९३० च्या जानेवारीत संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. मुंबई-दिल्लीतील कामगार कार्यातून आलेल्या या कार्यकर्त्याने येथे कामगार संघ काढला नाही. तो शिक्षक झाला. या बदलात केवळ व्यक्तीची आवड पाहणे अपुरे होईल. हल हाऊससारख्या संस्था नागरिकत्व गृहीत धरून चालत. हिप्परग्याच्या शाळेला प्रथम नागरिक घडवावयाचा होता. स्वामीजी १९३५ मध्ये अंबाजोगाईस गेले. १९३७ मध्ये परतूर येथे महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली व सत्याग्रह झाला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाल्यानंतरच जहागिरी रद्द करणे (१९४९) आणि कुळांना संरक्षण देणारा हैदराबाद कूळ व शेतजमीन कायदा (१९५०) शक्य झाले. अमेरिकेत राजकीय हक्कांच्या आधारे आर्थिक सुधारणा मागता आली. येथे आर्थिक सुधारणेसाठी आधी राज्यसत्तेचे स्वरूपच बदलावे लागले.

तथापि राजकीय हक्क मिळाले की सामाजिक न्याय आपोआप येतो, असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. अमेरिकेत सुधारणा-चळवळ जोरात असतानाच दक्षिणेकडील राज्यांनी मतदान-कर व साक्षरतेच्या कसोट्या लावून कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावून घेतला. मिसिसिपीची १८९० ची राज्यघटना हे त्याचे ठळक उदाहरण होय. सुधारक म्हणविणाऱ्या अनेकांनी त्याकडे दुर्लक्ष केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात, म्हणजे ही चळवळ ऐन भरात असताना, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. आजच्या धाराशिव जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. सत्तांतराच्या प्रश्नाइतकाच गावगाड्यातील वतनी सेवेचा व जातिबद्ध दर्जाचा प्रश्नही स्वतंत्रपणे सोडवावा लागेल, हे तिच्या विषयावरूनच स्पष्ट होते.

म्हणून सुधारणा-चळवळींची तुलना करताना केवळ कायद्यांच्या याद्या शेजारी-शेजारी ठेवणे पुरेसे नाही. सुधारकांच्या हाती कोणती साधने होती, कोणती त्यांना आधी निर्माण करावी लागली, आणि त्या साधनांच्या कक्षेबाहेर कोण राहिले, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधल्यावाचून शिकागोचेही आकलन पुरे होत नाही व हिप्परग्याचेही.