एकांतसाधना : तिचें स्वरूप व उपयोग

दर वर्षीं आमच्या शाळेंतील एखादे फादर किंवा एखाद्या सिस्टर आठ दिवस दिसेनाशा होतात. त्या काळांत पत्रास उत्तर येत नाहीं आणि दूरध्वनि केला तर तो कोणी उचलीत नाहीं. परत आल्यावर मुलें विचारतात, "फादर, आपण कोठें गेलां होतां?" आणि उत्तर मिळतें, "रिट्रीटला." रिट्रीट म्हणजे काय, तेथें आठ दिवस न बोलतां मनुष्य करतो तरी काय, आणि शाळेंत शिकणाऱ्या मुलांशीं व त्यांच्या आईबापांशीं त्याचा कांहीं संबंध आहे काय, या प्रश्नांचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों.

रिट्रीट या शब्दाचा साधा अर्थ मागें सरणें असा आहे. आमच्या किनाऱ्यावरील कोंकणी बोलणारीं ख्रिस्ती कुटुंबें त्यास 'रेतीर' म्हणतात. मराठींत आपण एकांतसाधना म्हणूं. रणांगणांतून मागें सरणारा सैनिक पळपुटा ठरतो. परंतु पावसाळ्याच्या तोंडीं होडी किनाऱ्यावर ओढून तिची डागडुजी करणाऱ्या मिरकरवाड्याच्या मच्छीमारास कोणी पळपुटा म्हणत नाहीं. एकांतसाधनेंतील मागें सरणें हें या दुसऱ्या प्रकारचें होय.

कॅथलिक पंथांत जी पद्धति आज सर्वांत अधिक रूढ आहे, तिचा उगम एका जखमी सैनिकाच्या बिछान्यापाशीं आहे. सन १५२१ च्या मे महिन्यांत स्पेनमधील पांप्लोना येथील लढाईंत तोफेचा गोळा लागून लोयोला घराण्यांतील इग्नेशियस यांचा पाय मोडला. अंथरुणावर पडून असतां त्यांनीं करमणुकीसाठीं शौर्यकथांचीं पुस्तकें मागितलीं. तीं घरांत नव्हतीं, म्हणून ख्रिस्ताचें व संतांचीं चरित्रें त्यांच्या हातीं आलीं. कधीं ते दरबारांतील मानमरातबाचीं स्वप्नें पाहत, तर कधीं संतांसारखें जगण्याचीं. दोन्ही पाहतांना गोड लागत. परंतु पहिलीं सरल्यावर मन कोरडें पडे आणि दुसरीं सरल्यावर प्रसन्नता टिकून राही. एवढीशी ही गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली आणि तिच्यांतूनच पुढील सारें निघालें. पुढें मान्रेसा या गांवीं त्यांनीं १५२२–२३ मध्यें सुमारें अकरा महिने प्रार्थनेंत घालविले व आपल्या अनुभवांचीं टिपणें केलीं. त्यांतून सिद्ध झालेला 'आध्यात्मिक साधना' हा लहानसा ग्रंथ १५४८ मध्यें पोप तिसरे पॉल यांनीं मान्य केला. ६ मे १५४२ रोजीं गोव्यास उतरलेले संत फ्रान्सिस झेवियर हे यांचेच सोबती. त्यांनींहि ही साधना १५३४ मध्यें पॅरिस येथें केली होती.

हा ग्रंथ वाचावयाचा नसून करावयाचा आहे. पोहण्याचें पुस्तक वाचून भाट्याच्या खाडींत उडी घेणाऱ्याची जी गत, तीच हा ग्रंथ नुसता वाचणाऱ्याची. संपूर्ण साधना सुमारें तीस दिवसांची असून तिचे चार भाग आहेत : पहिल्यांत स्वतःचे दोष व देवाची क्षमा, दुसऱ्यांत येशूचें जीवन, तिसऱ्यांत त्याचें दुःखसहन व मरण, आणि चौथ्यांत पुनरुत्थान. सर्वांस तीस दिवस काढतां येत नाहींत. म्हणून आठ, पांच किंवा तीन दिवसांचीं सत्रें होतात. ज्यांस संसार व नोकरी सोडतां येत नाहीं, त्यांनीं घरीं राहूनच रोज थोडा वेळ देऊन ती पुरी करावी, अशी सोय खुद्द ग्रंथांतच आहे. धर्मसंघांतील व्यक्तींनीं वार्षिक एकांतसाधना निष्ठेनें पाळावी असें १९८३ च्या कॅथलिक धर्मसंहितेंत सांगितलें आहे. आमचे शिक्षक आठ दिवस दिसेनासे होतात तें याच कारणानें.

तेथील दिवस साधा असतो. चार-पांच वेळां प्रत्येकीं सुमारें एक तास प्रार्थना, एकदां मिस्सा, दुपारीं व रात्रीं आत्मपरीक्षण, आणि एकदां मार्गदर्शकाची भेट. भोजनाच्या वेळींहि कोणी बोलत नाहीं. मोबाईल बंद, वर्तमानपत्र बंद. प्रार्थनेसाठीं शुभवर्तमानांतील एखादा प्रसंग घेतात. समजा, गालील सरोवरावरील वादळाचा प्रसंग घेतला. साधक मनानें त्या होडींत बसतो. वारा ऐकतो, पाण्याचा सपकारा अंगावर घेतो, उशीवर डोकें ठेवून निजलेल्या येशूकडे पाहतो, आणि शेवटीं एखादा मित्र मित्राशीं बोलतो तसा त्याच्याशीं बोलतो. म्हणून हें मौन मुकेपणा नव्हे. माणसांशीं चाललेलें बोलणें थांबवून देवाशीं बोलण्यास व त्याचें ऐकण्यास केलेली ती जागा आहे.

मार्गदर्शकाची भेट अर्ध्या तासाची असते, आणि त्यांतहि बोलावयाचें मुख्यतः साधकानें. ग्रंथाच्या आरंभींच मार्गदर्शकास बजावलें आहे कीं, प्रार्थनेचा विषय थोडक्यांत सांगावा, कारण जें मनुष्यास स्वतःस सांपडतें त्याची गोडी अधिक. तसेंच साधकास या किंवा त्या बाजूस ओढूं नये. तराजूच्या कांट्याप्रमाणें मध्यें राहावें. संन्यास घ्यावा कीं संसार करावा असा विचार साधकाच्या मनांत चालला असला, तरी धर्मगुरु असलेल्या मार्गदर्शकानेंहि तेथें आपलें वजन टाकूं नये! या एका सूचनेंत या साधनेचें मर्म आहे असें आम्हांस वाटतें.

मौन धरलें कीं लगेच शांति मिळते, अशी कोणाची समजूत असल्यास ती पहिल्याच दिवशीं दूर होते. बाहेरचा गलबला थांबला म्हणजे आंतला ऐकूं येऊं लागतो : सिनेमाचें गाणें, जुनें भांडण, न फेडलेलें देणें. मग कधीं मन भरून येतें, तर कधीं सारें कोरडें वाटूं लागतें. या दोन अवस्थांस आपण भरती व ओहोटी म्हणूं. ओहोटीसाठीं संत इग्नेशियस यांनीं घालून दिलेला नियम असा कीं, तींत असतांना पूर्वीं विचारपूर्वक केलेला निश्चय बदलूं नये. आणि प्रार्थनेचा तास कमी करण्याऐवजीं थोडा अधिकच वेळ बसावें. मांडवीच्या धक्क्यावर वाढलेल्या मुलास हें समजणें कठीण नाहीं. ओहोटी लागली म्हणून समुद्र आटला असें तो म्हणत नाहीं.

मौनाची महती या भूमीस नवी नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत पावस येथें स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) यांनीं सोऽहं साधनेंत आयुष्य वेंचिलें. इगतपुरीच्या धम्मगिरीवर १९७६ पासून विपश्यनेचीं दहा दिवसांचीं मौनशिबिरें होत आहेत. त्यांत श्वास व शरीरांतील संवेदना यांकडे लक्ष असतें. कॅथलिक एकांतसाधनेंत लक्ष ख्रिस्ताच्या व्यक्तीकडे असतें. मार्ग भिन्न असले तरी एकानें दुसऱ्यापासून घेण्यासारखें पुष्कळ आहे. मुंबईस जन्मलेले येशूसंघाचे फादर अँथनी डिमेलो (१९३१–१९८७) यांनीं १९७८ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'साधना' या आपल्या इंग्रजी पुस्तकांत श्वासाकडे लक्ष देण्याच्या पौर्वात्य रीति ख्रिस्ती प्रार्थनेस जोडल्या.

आतां आमच्या विद्यार्थ्यांविषयीं. दहावीच्या परीक्षेनंतर प्रत्येकास एक वाट निवडावी लागते. एखाद्याच्या मनांत आंब्याची बाग सांभाळावयाची असते आणि घरच्यांच्या मनांत मुंबईची नोकरी. एखादीस शिक्षिका व्हावयाचें असतें आणि शेजारणीची मुलगी इंजिनिअर झालेली असते. अशा वेळीं संत इग्नेशियस यांनीं सांगितलेले तीन उपाय कोणत्याहि धर्माच्या मुलास करतां येतील. पहिला, दोन्ही बाजूंचे लाभ व तोटे मनांत नीट मांडावे. कागदावर लिहिल्यास उत्तम. दुसरा, हाच प्रश्न घेऊन एखादा सर्वस्वीं अनोळखी मनुष्य आला तर त्याचें भलें इच्छून आपण त्यास काय सांगूं, तें पाहावें. तिसरा, आयुष्याच्या अखेरीस मागें वळून पाहतांना आज काय निवडलें असतें तर बरें झालें असतें असें वाटेल, याचा विचार करावा. आणि निकालाच्या दिवशीं, मनास ओहोटी लागली असतां, कोणताहि मोठा निर्णय घेऊं नये.

येथें एक इशारा अवश्य आहे. ज्याचें मन अगदींच खचलें आहे त्यानें मौन धरूं नये. आईवडील, शिक्षक किंवा डॉक्टर यांच्यापाशीं मोकळेपणानें बोलावें. एकांतसाधनेंतहि साधकास रोज एका विश्वासू माणसापुढें मन उघडावें लागतें, हें विसरतां कामा नये.

पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलाच्या निवडीच्या वेळीं आपण त्या मार्गदर्शकाप्रमाणें कांट्याच्या जागीं राहावें. माहिती द्यावी, खर्चाची खरी बाजू सांगावी, धोका दिसल्यास तोहि दाखवावा. परंतु पारड्यावर बोट ठेवूं नये. बापाच्या बोटानें झुकलेलें पारडें बोट काढतांच पुन्हां वर जातें, आणि त्याचा भुर्दंड मुलास पुढें वर्षानुवर्षें भरावा लागतो.

मुलांस आठ दिवसांचें मौन आम्ही सुचवीत नाहीं. दहा मिनिटें पुरेत. रात्रीं दिवा मालविण्यापूर्वीं मोबाईल दूर ठेवून स्वस्थ बसावें आणि स्वतःस दोन प्रश्न विचारावे : आज कोणत्या गोष्टीचा आनंद ती संपल्यावरहि टिकला? आणि कोणती गोष्ट गोड लागूनहि मागें मन कोरडें करून गेली? महिनाभर हा परिपाठ ठेवणाऱ्या मुलास आपल्या मनाचा कल कोणीकडे आहे, हें दुसऱ्यास विचारण्याची गरज फारशी उरणार नाहीं.